वाचक मंडळाचं खोकं

गुरुवारी संध्याकाळी सिनेगॉगच्या मागच्या हॉलमधला हीटर कोणासाठी पेटायचा, यावरून त्या हिवाळ्यात कॉन्कॉर्डियातल्या ज्यू मंडळींत चांगलीच जुंपली होती. एका बाजूला वाचक मंडळाच्या अध्यक्षा पेर्ला विनोकुर, सगळ्यांच्या डोन्या पेर्ला, म्हणजे पेर्लाबाई. दुसऱ्या बाजूला चित्रपट मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि एकमेव जागे सभासद नातालिओ फाइनगोल्ड. हॉल एक, हीटर एक आणि गुरुवारही आठवड्यातून एकच. शुक्रवार-शनिवार शब्बाथच्या विश्रांतीचे, रविवार नातवंडांचा, आणि सोमवार ते बुधवार या गावातली ज्यू माणसं कशासाठीच घराबाहेर पडत नाहीत, अगदी घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्याला फोन करून विचारतील.

"सिनेमा बघायला अक्कल कशाला लागते?" डोन्या पेर्ला म्हणायची. "डोळे उघडे असले की झालं. यांच्या सभासदांचे तेवढेही नसतात. मागच्या गुरुवारी घोरण्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता."

"बरोबर आहे," नातालिओ म्हणायचा. "पुस्तकाचं तसं नाही. पुस्तक मिटलेलं असलं तरी चालतं. तुमचं मंडळ कित्येक वर्षं तसंच वाचतंय."

यातला नातालिओचा आरोप खोटा होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. वाचक मंडळातल्या बायका पुस्तक घरी नेत, उशाशी ठेवत, त्यावर चष्मा ठेवत, पाण्याचा पेला ठेवत आणि महिन्याने परत आणत. मग चर्चा. चर्चेत पुस्तकाचं नाव एकदा निघे, लेखकाला दोन शब्द शाबासकीचे मिळत, आणि तिथून गाडी जी घसरे ती थेट कुणाच्या तरी सुनेवर. मधाचा केक संपला की चर्चा संपली. खुद्द अध्यक्षबाईंची मजल मलपृष्ठापर्यंत. मलपृष्ठ मात्र त्या दोनदा वाचत, आणि तेवढ्या भांडवलावर तासभर बोलत. या विद्येत त्यांचा हात धरणारं कॉन्कॉर्डियात कोणी नव्हतं.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नवरा गेला, कापडाचं दुकान विकलं, मुलगा तेल अवीवला जाऊन बसला आणि दर रविवारी फोन करून फक्त रक्तदाब विचारू लागला, तेव्हापासून पेर्लाला आठवड्यात सहा दिवस रक्तदाबापलीकडे कोणी काहीच विचारत नव्हतं. सातव्या दिवशी, गुरुवारी, तेवढं कोणीतरी मान वळवून म्हणे, "डोन्या पेर्ला, तुमचं मत काय?" तो गुरुवार गेला असता, तर ती खुर्चीत बसलेली आणखी एक म्हातारी उरली असती. याची तिला मनापासून भीती वाटत होती, आणि तेवढ्यापुरती तिची कीव करायला कोणाची हरकत नसावी.

कार्यकारिणीने शेवटी तोडगा काढला. ज्यू नववर्षाआधी वाचक मंडळाने एक कार्यक्रम करून दाखवावा. जमला तर गुरुवार पुस्तकांचा. फसला तर सिनेमाचा. नातालिओने त्याच दिवशी नवा पडदा आणायची चौकशी सुरू केली.

पेर्लाने थेट ब्यूनस आयर्सहून लेखक बोलावला. एफ्राइन झिल्बेर्दिक. त्याचे आजोबा इथून जवळच्याच ज्यू शेतकऱ्यांच्या वसाहतीत न्हावी होते, म्हणून त्याने एक जाडजूड कादंबरी लिहिली होती, 'वसाहतीतला शेवटचा न्हावी'. इतकी जाड, की ती वाचून होईपर्यंत वसाहतीतल्या सगळ्यांची दाढी दोनदा होऊन गेली असती. प्रकाशकाने मंडळासाठी खोकंभर प्रती पाठवल्या. पेर्लाने ते खोकं, चिकटपट्टी तशीच ठेवून, हॉलमधल्या पियानोखाली सरकवलं आणि सगळ्यांना फोन केले, "आपापली प्रत घेऊन जा गं." सगळ्या म्हणाल्या, "उद्याच नेते."

आता चिंता उरली नातालिओच्या माणसांची. ही मंडळी हाताला लागेल त्यावर 'माते' नावाच्या कडवट पानांच्या चहाची किटली ठेवणारी. अडगळीच्या खोलीत पेर्लाला एक जुनं निळं मखमली आच्छादन सापडलं, सोनेरी अक्षरं भरलेलं. तोरा या पवित्र ग्रंथाची गुंडाळी उघडून वाचतात त्या मेजावर ते पूर्वी अंथरत. काठ विरले म्हणून बाजूला टाकलेलं. पेर्लाने ते खोक्यावर नीट पांघरलं. म्हणाली, "आता ठेवा म्हणावं किटली." कोणाचीच छाती झाली नाही. बाईंनी हुशारी केली खरी, पण त्या हुशारीला पुढे काय फळं लागली ते बघा.

नववर्षाच्या आधीच्या महिन्यात आपल्या माणसांच्या थडग्यांवर जाऊन यायची रीत आहे. दरवर्षी त्यासाठी बस निघते, आणि तिला लोक सहल म्हणतात, कारण कब्रस्तानात अर्धा तास आणि परतीच्या वाटेवर खाण्यात चार तास जातात. सहलीची व्यवस्था नातालिओकडे. यंदा सिनेगॉगच्या नव्या धर्मगुरूने, रब्बाय इलानने, त्यात एक पवित्र काम घातलं. देवाचं नाव छापलेलं पुस्तक कितीही फाटलं तरी आपल्यात कचऱ्यात टाकत नाहीत. त्याला माणसासारखं कब्रस्तानात पुरतात. सिनेगॉगमध्ये अशी फाटकी पुस्तकं कित्येक वर्षं साठली होती. काही पोत्यांत होती. उरलेली कोणीतरी सूर्यफुलाच्या तेलाच्या खोक्यात कोंबून पियानोखालीच ठेवली होती.

सहलीच्या सकाळी रब्बाय आणि नातालिओ सामान उचलायला आले. पोती उचलली. पियानोखाली दोन खोकी. एकावर तेलाची जाहिरात, दुसऱ्यावर सोनेरी अक्षरांची मखमल.

"यातलं कुठलं?" नातालिओने विचारलं.

"विचारताय काय? डोळे आहेत ना?" रब्बाय म्हणाला, आणि त्याने मखमलीचं खोकं स्वतः, दोन्ही हातांनी, छातीशी धरून बसमध्ये नेलं. तेलाचं खोकं तिथेच राहिलं.

कब्रस्तानात भाषणाचा मान अर्थातच डोन्या पेर्लाला. पुस्तकांची आई ना ती. नातालिओ फोटो काढत होता, म्हणून तिने चष्मा काढून पर्समध्ये टाकला होता. चष्म्याशिवाय तिला समोर खड्डा आहे एवढं कळत होतं, त्यात काय उतरतंय ते नाही. ती म्हणाली, "पुस्तक हे माणसासारखं असतं. ज्यांना आपण मनापासून वाचलं, त्यांना आज आपण निरोप देतोय." बायकांनी डोळे टिपले. रब्बायने कादिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हटलं, बसभर लोकांनी आमेन म्हटलं, आणि पहिली फावडंभर माती पेर्लाने स्वतःच्या हाताने लोटली. परतताना नदीकाठी थांबून सगळ्यांनी भरपूर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पियानोजवळून जाताना तिला मखमल दिसली नाही. तिला वाटलं, चला, पोरींनी प्रती नेल्या एकदाच्या. बरं वाटलं बिचारीला. तिने फोन लावला नणंदेला, सुली गोरेलिकला.

"सुली, वाचतेस ना गं?"

"वहिनी, अगं वाचतेय म्हणजे काय. काल रात्री डोळ्याला डोळा नाही. नवव्या प्रकरणाला तर मी ढसाढसा रडले."

"हो ना," पेर्ला म्हणाली. "नववं प्रकरण म्हणजे काय."

मंडळातल्या बेर्टाने सांगितलं, तिला न्हावी अगदी तिच्या वडिलांसारखा वाटला. आणखी कोणी म्हणालं, भाषा फार ओघवती आहे. पेर्ला सगळ्यांना दुजोरा देत गेली. मनातून म्हणत होती, या बायका खरंच वाचतायत की काय, आणि तिला स्वतःची थोडी लाज वाटली. तीन आठवडे ती लाज तिने सहन केली. पुस्तक मात्र मिळवलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिला वाटलं, निदान शेवटचं पान तरी बघून ठेवावं. एखादी प्रत खोक्यात उरली असेल. हॉलमध्ये येऊन ती गुडघे टेकून पियानोखाली वाकली. तेलाचं खोकं दिसलं. आत कडा कुरतडलेली, पाठ फाटलेली, कांद्याच्या सालीसारखी पिवळी पडलेली प्रार्थनापुस्तकं. ती तशीच जमिनीवर बसली. मखमल आठवली, खड्डा आठवला, फावडं आठवलं.

सुली केक घेऊन आली तेव्हा वहिनी पियानोखाली.

"अगं बाई, पडलीस की काय?"

"सुली, आधी दार लाव. आणि मला सांग, ते नववं प्रकरण तू कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"म्हणजे?"

"पुस्तकं कब्रस्तानात आहेत. तीन आठवडे झाले. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा कोणी सोडवली नव्हती. तशीच पुरली मी, या हातांनी. तू रडलीस कशाला मग?"

सुलीने केक टेबलावर ठेवला.

"मी रडले म्हटलं, तेव्हा तू पण हो म्हणालीस वहिनी."

"मी अध्यक्ष आहे. मला म्हणावं लागतं."

"मग मी सभासद आहे. मला रडावं लागतं."

दोघी गेल्या रब्बायकडे. रब्बाय इलान तरुण, गंभीर, दाढी अजून नीट न भरलेला. त्याने सगळं ऐकलं आणि कपाळ चोळलं.

"म्हणजे मी एका कादंबरीसाठी कादिश म्हटलं."

"आमेन आम्ही सगळ्यांनीच म्हटलंय रब्बाय," सुली म्हणाली, त्याला बरं वाटावं म्हणून.

"उकरून काढू या का?" पेर्लाने विचारलं. "अजून वेळ आहे. पुसून घेतल्या तर ओळखू यायच्या नाहीत."

"डोन्या पेर्ला, त्याच खड्ड्यात पोत्यातली पवित्र पानंही आहेत. तिथे मी कुदळ लावू देणार नाही. लेखकाला खरं काय ते सांगून टाका."

"पुढच्या रांगेत अख्खी कार्यकारिणी बसणार आहे. त्यांच्यादेखत सांगू? मग हॉल काय, खुर्चीसुद्धा नातालिओ घरी घेऊन जाईल."

"मी खोटं बोलणार नाही," रब्बाय म्हणाला. "कोणी विचारलं नाही, तर खरंही बोलणार नाही. याच्यापलीकडे माझ्याकडून होणार नाही."

संध्याकाळी हॉल भरला. हीटर पेटला. कार्यकारिणीचे अध्यक्ष, औषधवाले मौरिसिओ ग्लेइझर, पहिल्या रांगेत मध्यभागी, त्यांच्या शेजारी नातालिओ, वरासारखा दाढी करून. झिल्बेर्दिक आला. उंच, वाकलेला, खोकणारा माणूस, कोटाची एक गुंडी दुसऱ्या रंगाची. लोक इतके पाहून तो गोंधळलाच. इतकी माणसं आपल्यासाठी आलीत यावर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि बसायला नकोच होता.

चर्चा सुरू झाली आणि पेर्लाच्या लक्षात एक गोष्ट आली. आपल्याला आता पक्कं ठाऊक आहे, या खोलीत एकीनेही पुस्तक उघडलेलं नाही. आणि तरी चर्चा नेहमीसारखीच झकास चालली आहे. बेर्टा म्हणाली, "लेखकाने काळ उभा केलाय." दुसरी म्हणाली, "आणि माणसं." तिसरी म्हणाली, "शेवट तर मनातून जात नाही." कार्यकारिणीची मंडळी माना डोलावत होती. नातालिओचा चेहरा उतरत चालला होता. बाईंना वाटलं, तरलो.

तेवढ्यात एकीने हात छातीवर ठेवून म्हटलं, "मला त्या न्हाव्याच्या आईचं पात्र फार भिडलं."

झिल्बेर्दिक खोकला. "आईचं?"

"हो, आईचं."

"न्हावी अनाथ आहे बाई. पहिल्याच ओळीत."

सुली पुढे सरसावली. "तेच तर. तिचं नसणंच इतकं भिडतं, की ती असल्यासारखी वाटते."

लेखकाला हे इतकं आवडलं की त्याने ते कागदावर लिहून घेतलं. पण नातालिओ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो उभा राहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "साहेब, आता सगळ्यांच्या प्रतींवर सह्या करा. आमच्या बायका एवढ्या वाचक, प्रती आणल्याच असतील."

झिल्बेर्दिकने पेन काढलं. "आणा की."

"माझी घरी राहिली," बेर्टा म्हणाली.

"माझीही घरीच."

"मी सुनेला दिली वाचायला."

"माझी मोलकरणीने नेली," सुली म्हणाली.

"सगळ्यांच्याच राहिल्या?" नातालिओ म्हणाला. "आणि डोन्या पेर्ला, तुमची? अध्यक्षबाईंची तरी असेलच."

सगळ्यांच्या माना वळल्या. आठवडाभर ज्या क्षणाची पेर्ला वाट बघायची, तो हा असा समोर येऊन उभा राहिला. तिने रब्बायकडे पाहिलं. रब्बाय छताकडे बघत होता. मग तिचं डोकं फिरलं. एकटीने कशाला बुडायचं, असं तिला वाटलं असावं.

"माझी प्रत कब्रस्तानात आहे," ती म्हणाली. "बेर्टाचीही तिथेच. सुनेला दिलेलीही तिथेच. मोलकरणीने नेलेलीही. सगळं खोकं मागच्या महिन्यात आपण प्रार्थनापुस्तकं समजून पुरलं. चिकटपट्टीसकट. काळ उभा केला म्हणणाऱ्यांनी आता खाली बसा."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. वाचलं नाही याची लाज एकीलाही वाटली नाही. सगळ्या पेर्लावरच तुटून पडल्या. "तीन आठवडे खोकं कुठे गेलं ते तू पाहिलं नाहीस?" "मखमल कोणी घातली होती?" "आणि फोनवर हो हो काय म्हणत होतीस?" औषधवाले ग्लेइझर म्हणाले, "म्हणजे अध्यक्षांनीही वाचलेलं नाही." नातालिओ खाली बसला, पायावर पाय टाकला आणि खिशातून पडद्याचं माप काढलं. पेर्ला खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि ते नातालिओला दिसू नये एवढीच तिची धडपड होती.

"थांबा," झिल्बेर्दिक म्हणाला. तो रागावणार असंच सगळ्यांना वाटलं. "पुरताना प्रार्थना केली होती?"

"कादिश," रब्बाय म्हणाला. आता त्याला विचारलंच होतं.

"कादिशला लागतात ते दहा पुरुष होते?"

"बसभर माणसं होती. भाषणही झालं."

"कोणी रडलं?"

"बायका बऱ्याच रडल्या," सुली म्हणाली. "हे मात्र अगदी खरं."

झिल्बेर्दिकने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "ब्यूनस आयर्सला प्रकाशनाला मोजकी माणसं आली होती. त्यातले बरेचसे माझे चुलतभाऊ. त्यांनी फक्त सॅन्डविच खाल्ली. आणि तुम्ही लोक..." त्याने पेन कोटाच्या खिशात ठेवलं. "माझ्या आजोबांचं थडगं त्याच कब्रस्तानात आहे. उद्या सकाळी मला दोन्हीकडे घेऊन चला."

ग्लेइझर औषधवाले असले तरी आधी ते कार्यकारिणीचे अध्यक्ष होते, आणि पाहुणा खूश झालाय एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि नातालिओकडे वळले. "तुमच्या एखाद्या सिनेमाला कधी बसभर माणसं आली होती?"

"अहो, सिनेमा पुरता येत नाही," नातालिओ म्हणाला.

"तेच म्हणतोय मी." आणि त्यांनी गुरुवार वाचक मंडळाला देऊन टाकला, एका अटीवर. दरवर्षी नववर्षाच्या आधी मंडळाने एक पुस्तक सहलीत न्यायचं आणि असंच मानाने पुरायचं. बस भरते, लोक येतात, खाणंपिणं होतं. वाचण्यात यातलं काय होतं?

मग पुढच्या वर्षी कुठलं पुस्तक, यावर त्याच क्षणी चर्चा सुटली. बेर्टा म्हणाली, तिच्या दिरांनी सोयाबीनवर आत्मचरित्र लिहिलंय, ते घ्या. दुसरी म्हणाली, ते परवडलं, आधी दातांच्या डॉक्टरच्या कविता बघा. कोणी उठून टेबलावर हात आपटला. कोणी दुसरीला म्हणालं, तुला साहित्यातलं काही कळत नाही. पुस्तकांवर इतक्या पोटतिडकीने बोलणं त्या हॉलने कधी ऐकलं नव्हतं. आणि मध्यभागी डोन्या पेर्ला, गाल लाल, हात वर करून एकेकीला बोलायची परवानगी देतेय. जिंकली होती ती. नातालिओने पडद्याचं माप परत खिशात घातलं.

"अध्यक्षबाई, तुमचं मत काय?" बेर्टाने विचारलं.

"मला वाटतं," पेर्ला म्हणाली, पण तिच्या आधी रब्बाय उभा राहिला. त्याने हात मागे बांधले होते आणि इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच किंचित हसत होता.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "पण त्या खड्ड्यात देवाचं नाव लिहिलेली पानं असतात. त्यांच्याशेजारी काहीही नेऊन ठेवता येणार नाही. जे पुस्तक पुरायचं, ते कोणीतरी जबाबदार माणसाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं पाहिजे. आणि माझ्यासमोर त्याने ग्वाही दिली पाहिजे, की यात काही वावगं नाही."

"कोण वाचणार?" सुलीने विचारलं.

"मंडळाच्या अध्यक्षा आहेतच की."

टाळ्या कडाडल्या. सगळ्यांत जोरात नातालिओच्या.

"आणि सुरुवात त्या न्हाव्यापासून करा," रब्बाय म्हणाला. "तो तर आधीच जाऊन झोपलाय तिथे. त्याची ग्वाही राहिलीच आहे."

झिल्बेर्दिकने बॅगेतून स्वतःची, कोपरे दुमडलेली प्रत काढली, सही केली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. पेर्लाने ती घेतली. हात खाली गेला तिचा, इतकी जड.

"पुढच्या गुरुवारी मी प्रश्न विचारीन," रब्बाय म्हणाला.

डोन्या पेर्लाने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि शाळेतल्या मुलीसारखं हळूच विचारलं, "कितव्या पानापर्यंत?"